कुलूप आहे का?

आमच्या भाऊजींना आता कारखान्यात कुणी कुलूप म्हणत नाही. चुकून कुणाच्या तोंडून निघालंच तर शेजारचा त्याला कोपर मारतो आणि तो जीभ चावतो. आधी मात्र त्यांचं खरं नाव कुणाला आठवायचं नाही. कुलूप आलं, कुलूप गेलं, कुलूप जेवलं का, कुलूप आज कुणावर चिडलंय, अशीच आमची सगळ्यांची बोली. चांगला दाराएवढा उंच माणूस, पण त्याला 'आला-गेला' कुणी म्हटलंच नाही, 'आलं-गेलं'च म्हटलं. त्या बोलण्यानं आमच्या घराचं वाटोळं केलं, म्हणून आज हे सांगायला बसलेय.

मी त्याच कारखान्याच्या गेटवर असते. रंगात आणि शाईत घालायची पातळ द्रावणं इथं टँकरनं येतात, टाक्यांत भरली जातात आणि पिंपांतून बाहेर जातात. वारा गेटकडं वळला की नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो. नव्या माणसाला तो वास आवडतो, म्हणून मला नव्या माणसाची भीती वाटते. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते, चरात आणि खड्ड्यात दबा धरून बसते, आणि तिला पेटायला एक ठिणगी पुरते. त्यामुळं आत जाणाऱ्याच्या खिशातलं सगळं आधी माझ्या ट्रेमध्ये. माचिस, लायटर, मोबाइल, किल्ल्या, घड्याळ. तपासून जे द्यायचं ते परत, बाकीचं माझ्याकडं, आणि हातात एक पितळी बिल्ला. एकदा एक बडे पाहुणे म्हणाले, "बाई, मी कोण आहे माहितेय का?" म्हटलं, "जळल्यावर सगळे सारखेच दिसतात, फोन काढा." काढला मुकाट्यानं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते आणि तेव्हापासूनच असे. झोपायच्या वेळी मी म्हणायची, "कडी लावली." तरी हा मुलगा अंथरुणातून उठणार, दारापर्यंत जाणार, कडीला हात लावून बघणार.

"अरे, लावली म्हटलं ना मी?"

"वहिनी, 'लावली' हे तुमचं बोलणं झालं. कडी लोखंडाची असते."

असा राग यायचा! दोन धपाटे घालावेसे वाटायचे. पण त्याच्या नादानं मलाही सवय लागली, आता मीसुद्धा हात लावल्याशिवाय झोपत नाही. आमचे हे अगदी उलट. यांचं तोंड यांच्या पायांच्या पुढं आणि हात तोंडाच्याही पुढं. काम सांगून संपायच्या आत यांनी पाना उचललेला असायचा. दोघंही त्याच कारखान्यात विजेचे फिटर. माणसं म्हणायची, एका आईच्या पोटी एक गोगलगाय आणि एक टोळ कसा आला कोण जाणे. लग्नाचा विषय काढला की भाऊजी म्हणायचे, "बघून घेऊ." त्या बघून घेण्यातच त्यांचं वय गेलं, आणि आम्ही तिघं एकाच घरात राहिलो.

कुलूप हे नाव पडलं ते त्यांच्या लाल कुलपावरून. कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी, जिथून सगळ्यांना वीज जाते त्या पॅनलच्या खोलीत जायचं, त्याचा खटका पाडायचा आणि खटक्याच्या कानात स्वतःचं कुलूप घालायचं. किल्ली गळ्यातल्या दोरीत. काम संपेपर्यंत देव आला तरी तो खटका वर करू शकणार नाही. बाकीचे फिटर नुसती पाटी लटकवायचे. भाऊजी म्हणायचे, "पाटी वाचता येते, तशी न वाचताही येते. कुलपाशिवाय पाडलेला खटका हा चालूच समजायचा." मी कितीदा विचारलं, "नुसता पाडून ठेवला तर काय बिघडतं?" तर म्हणायचे, "मग मला बंद आहे असं वाटतं, वहिनी. वाटणं वाईट."

मग टाक्यांच्या आवारात तो नवा स्विच आला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. कॅमेऱ्यांच्या, वाफ हुंगणाऱ्या यंत्रांच्या, टाकीतली पातळी सांगणाऱ्या यंत्रांच्या तारा ज्या एका डब्यात येऊन जुळतात आणि तिथून कंट्रोल रूमच्या पडद्यांवर जातात, तो डबा म्हणजे हा स्विच. तो ऑफिसात असला तर कपाटावर ठेवतात. इथं त्याला जाडजूड लोखंडी पेटीत बसवायचा होता, कारण पेटी उभी राहणार होती थेट टाक्यांच्या रांगेत.

जेवताना मी विचारलं, "एवढी जाड पेटी कशाला? वाफ आत शिरू नये म्हणून?"

"वाफ शिरणारच. तिला कोण अडवणार?" भाऊजी म्हणाले. "आत शिरलेल्या वाफेचा भडका उडाला तर तो आतल्या आत विझला पाहिजे, एक ज्वाळ बाहेर आली नाही पाहिजे. पेटीचं काम तेवढंच."

"आग आतल्या आत विझवायची आणि बाहेर दिसू द्यायची नाही? मग तिचं नाव सून ठेवा, भाऊजी."

हे इतके हसले की यांना ठसका लागला. भाऊजी हसले नाहीत. ते पेटीचाच विचार करत होते.

बसवताना त्यांनी सगळ्यांचा जीव खाल्ला. पेटीच्या आणि झाकणाच्या कडा एकमेकींवर गुळगुळीत बसतात, त्यावर ओरखडा चालत नाही, रंगाचा थेंब चालत नाही. केबल शिरते तिथं तिला चहूकडून आवळणारं, तिच्याच मापाचं पितळी कडं, त्याला ग्लँड म्हणतात. जे भोक रिकामं उरलं त्याला आट्यांचं बूच. तिथं चिंधी कोंबणाऱ्या एका गड्याला भाऊजींनी अशी नजर दिली की तो दुपारचा डबा खायलासुद्धा आला नाही. अर्थिंगची तार घट्ट, आणि मग झाकणाचे सगळेच्या सगळे बोल्ट. एक जरी राहिला तरी त्या फटीतून ज्वाळ बाहेर येते. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, एवढे बोल्ट उघडता उघडता मी म्हातारा होईन."

"हो ना, दादा. म्हातारं व्हायला मिळावं म्हणूनच ते आहेत."

आणि एक नियम त्यांनी सगळ्यांकडून घोकून घेतला. पेटी उघडायची तर आधी वीज तोडायची. स्विचमधला प्लग चालू विजेत ओढला की सुटता सुटता बारीक ठिणगी पडते. आपल्या घरात ती कुणाला दिसतही नाही. इथं तेवढी पुरे.

पुढं थोड्याच दिवसांत एक बाहेरचा फिटर आला. पेटी उघडून उभा राहिला आणि त्यानं वॉकी-टॉकीवर विचारलं, "स्विच बंद आहे का?" कंट्रोल रूममध्ये पडद्यांपुढं बसणारा आमचा पडदेवाला म्हणाला, "बंद आहे की. सकाळपासून बंद आहे." त्याला म्हणायचं होतं, स्विच बंद पडलाय, बिघडलाय. फिटरला वाटलं, वीज बंद केलीय. प्लगला हात घालणार तोच भाऊजींनी मागून येऊन त्याच्या मनगटावर फटका मारला. त्या दिवशी हवेत वाफ नव्हती, पण भाऊजी घरी आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'बंद' या शब्दावर बंदी घातली. साहेबांनाही पटलं, त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. यंत्र बिघडलं तर म्हणायचं, "मेला." वीज तोडून कुलूप घातलं असेल तर म्हणायचं, "कुलूप आहे." तिसरा शब्द नाही. पहिले काही दिवस नुसती हसाहशी. हे वॉकी-टॉकीवरून मला म्हणायचे, "गेट, घरी मला रोज मेला म्हणतेस, मी पण बिघडलोय का?" मी म्हणायची, "तुम्ही मुळातच तसे आलात, आता वॉरंटी संपली." सगळा कारखाना ऐकायचा. मग सवय झाली. स्विच मेला, पंप मेला, कुलूप आहे, कुलूप निघालं. आणि त्याच तोंडानं, त्याच वॉकी-टॉकीवर, कुलूप आलं, कुलूप जेवायला गेलं. यात काही वावगं आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. भाऊजींच्यासुद्धा नाही, जे कडीला हात लावल्याशिवाय झोपत नव्हते.

त्या दिवशी सकाळी गेटवर टँकर उभा होता आणि ड्रायव्हर लायटर द्यायला तयार नव्हता. म्हणे बायकोनं दिलाय. म्हटलं, "मग बायकोकडंच परत जायचं असेल तर ठेव इथं." तो आवाज चढवायला लागला. नेमके तेव्हाच भाऊजी आले, त्यांनी खिसे माझ्या ट्रेमध्ये रिकामे केले आणि ड्रायव्हरला समजवायला मध्ये पडले. कसाबसा लायटर निघाला. भाऊजींनी बिल्ला घेतला आणि त्याच्याशी बोलत बोलतच आत गेले. ट्रे मी बाजूला सरकवला.

दुपारी टँकर रिकामा होत असताना पडदेवाल्याचा आवाज आला, "स्विच मेला. टाक्यांकडचं काहीच दिसत नाही." कॅमेरे गेले, वाफ हुंगणारी यंत्रंही गेली. टाक्यांमध्ये काय चाललंय ते आता कुणालाच कळत नव्हतं. साहेबांनी टँकरचं काम थांबवलं. हातातल्या यंत्रानं पेटीभोवतीची वाफ मोजून घेतली. काही नव्हती. मग दोघं भाऊ निघाले. हे नवा स्विच घेऊन पेटीकडं, भाऊजी पॅनलच्या खोलीकडं. आत चालणारे खास वॉकी-टॉकी मोजकेच, जोडीला एक, तो यांच्याकडं.

इकडं ड्रायव्हरला घाई झाली होती. काम थांबलंय तर निघू म्हणून त्यानं टँकरचा पाइप सोडवला. पाइपात उरलेलं द्रावण जमिनीवर सांडलं. त्यानं ते बघितलं आणि पायानं माती सारली. हे आम्हाला नंतर कळलं.

पॅनलची खोली आणि कंट्रोल रूम यांच्यामध्ये जाड काच आहे, पलीकडचं दिसतं पण ऐकू येत नाही. भाऊजी खटक्यासमोर उभे राहिले, खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला. कुलूप नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यानं खटका पाडला असता आणि मग कुलूप आणायला गेला असता. भाऊजींच्या नियमात ते बसत नव्हतं. बंद आहे असं वाटायला नको म्हणून त्यांनी खटका चालूच ठेवला. ते खिसे चाचपत उभे होते तेव्हाच माझ्या टेबलावरच्या वॉकी-टॉकीवर यांचा आवाज आला.

"पडदे, कुलूप आहे का?"

पडदेवाल्यानं काचेतून बघितलं. "आहे, आहे. कुलूप आहे. समोरच दिसतंय."

ऐकून मी निर्धास्त झाले. एका पिंपवाल्या ट्रकचे कागद बघत बसले. पडद्यावर यांना बघायची सोय नव्हती, पण यांच्या तोंडाचा पट्टा वॉकी-टॉकीवर चालूच होता. किती बोल्ट घातलेत, माझा भाऊ आहे का वैरी, हा एक गंजलाय, हा दुसरा पण. माणसं ऐकून हसत होती. वारा फिरला आणि मला तो गोडसर वास आला. टँकर थांबलाय तर वास कसा, असं मनात आलं. मान वर केली तर भाऊजी रस्त्यानं माझ्याकडं येताना दिसले. सावकाश, नेहमीसारखे. टाक्यांच्या आवारात धावायचं नसतं.

"वहिनी, कुलूप सकाळी तुमच्याकडंच राहिलं वाटतं."

मी ट्रे ओढला. मोबाइल, किल्ल्या, लायटर, आणि खाली लाल कुलूप.

"मग पॅनलला कुठलं लावलंत?" मी विचारलं.

"पॅनलला कुठं? अजून खटका पाडलाच नाही."

त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते कुलूप घ्यायला हात पुढं करून उभे होते. मी वॉकी-टॉकी उचलला आणि ओरडले, "अहो! कुलूप इथं आहे! माझ्यापुढं आहे, गेटवर!"

हे हसले. "मग पाज की त्याला चहा! लावून मोकळं झालं वाटतं. सांग त्याला, शेवटचा बोल्ट राहिलाय."

हे बोलत होते तेव्हा भाऊजींचा चेहरा मी बघितला. देवानं तो मला परत दाखवू नये. त्यांनी माझ्या हातातून वॉकी-टॉकी हिसकावला, बटण दाबलं, "दादा, वीज आहे! दादा, हात काढ, वीज आहे!" पण त्या यंत्रावर एकानं बटण दाबून धरलं की दुसऱ्याचं त्याला ऐकू जात नाही. आणि यांनी बटण सोडलंच नव्हतं. यांना बोलायचं होतं. भाऊजी बटण दाबून जीव तोडून ओरडत होते आणि सोडलं की बाहेर यांचाच आवाज येत होता, "निघाला एकदाचा मेला. स्विचचे दिवेबिवे सगळे विझलेत, पार थंड झालाय. आता हा प्लग..."

स्विच जिवंत असता तर त्याचे दिवे लुकलुकले असते आणि यांना कळलं असतं. पण तो मेला होता.

आवाज फार मोठा नव्हता. आधी वॉकी-टॉकीत काहीतरी कडकन तुटलं, मग टाक्यांकडून एक धप्प ऐकू आलं, जाड गादी वरून खाली टाकल्यासारखं. भाऊजी धावले. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवारात धावले. मी गेट सोडून जाऊ शकत नव्हते. भोंगा वाजवायचा, बाहेरचा रस्ता मोकळा करायचा आणि बाहेर येणाऱ्याचा बिल्ला घ्यायचा, हे माझं काम. मी ते केलं. माणसं एकेक बाहेर आली, मी एकेक बिल्ला फळ्यावर लावला, आणि यांच्या नंबरचा खिळा रिकामा होता तिकडं बघायचं नाही असं ठरवून बघत होते.

वाफ ओंजळभर होती. पेटीपाशीच्या चरात येऊन साचलेली, तेवढीच पेटली, टाक्या वाचल्या. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. थोडक्यात म्हणजे यांचे दोन्ही हात, चेहरा आणि दोन्ही कान.

चौकशी झाली. साहेब भला माणूस, कुणावर ढकलायला बसला नव्हता. त्यानं फक्त विचारलं, चुकीचं कोण बोललं? पडदेवाला लहान मुलासारखा रडत होता. "मी कुलूप बघितलं, म्हणून कुलूप आहे म्हटलं." खरं होतं. यांनी ठरलेला प्रश्न ठरल्या शब्दांत विचारला, तेही बरोबर. मी कुलूप इथं आहे म्हणाले, ते तर माझ्या पुढ्यातच होतं. ड्रायव्हरचं सांडलेलं होतंच, त्याला कामावरून काढलं, पण प्लग त्यानं ओढला नव्हता. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मला इतका संताप आला! शिव्या घालायला निदान एक माणूस तरी पाहिजे होता. भिंतीकडं बघून किती शिव्या द्यायच्या?

भाऊजी चौकशीत एकच वाक्य बोलले. "नाव माझं होतं."

तेव्हापासून त्यांनी शब्दांचा नियम मोडीत काढला. आता वॉकी-टॉकीवर काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. खटका पाडायचा, कुलूप घालायचं, किल्ली घेऊन पायी पेटीपर्यंत जायचं आणि जो हात घालणार आहे त्याच्या तळहातावर ठेवायची. किल्ली हातात आली नाही तर बोल्टला स्पर्श नाही. ऊन असो, पाऊस असो, भाऊजी किल्ली घेऊन चालताना दिसतात. नवे फिटर कुरकुरतात. जुने त्यांना गप्प करतात.

हे आता घरीच असतात. खिडकीपाशी खाट आहे, तिच्यावर पाठ टेकून बसतात. सकाळी बरं दिसतं, दिवेलागणीला सगळं धूसर होतं. ऐकू काहीच येत नाही, त्यामुळं बोलतात मोठ्यानं, आणि बोलायची हौस काही गेली नाही मेल्याची. लागलं कसं ते यांना पाटीवर लिहून सांगितलंय, वीज चालू राहिली होती एवढंच. का राहिली ते लिहिलं नाही. भाऊजींनी खडू हातात घेतला होता. मी काढून घेतला. नंतर त्यांनी परत घेतला, परत ठेवला, असं बरेचदा झालं.

म्हणून जगात एकटे हेच आहेत जे त्यांना अजून त्या नावानं हाक मारतात. संध्याकाळी दार वाजल्याचं ऐकू येत नाही, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही, पण भावाच्या येण्याची वेळ यांना आतून कळते. मान वळवून हे विचारतात, अगदी त्याच आवाजात, जसं त्या दिवशी विचारलं होतं, "कुलूप आहे का?"

भाऊजी उंबऱ्यावर चप्पल काढता काढता थांबतात. रोज थांबतात. 

मी 'आहे' म्हणत नाही. यांना ऐकू गेलं असतं तरी म्हटलं नसतं. मी भाऊजींचं मनगट धरते, त्यांना खाटेपर्यंत आणते आणि त्यांचा हात यांच्या हातावर ठेवते. यांची बोटं आता नीट वळत नाहीत. तरी हे तो हात चाचपून बघतात, तळवा, अंगठा, मनगट, सगळं, सावकाश, कधी नव्हे इतके सावकाश. मग स्वतःच म्हणतात, "आहे," आणि मी ताटं घेते.